चाखून दाखवलेली खिचडी

मला शिकवायला बोलावणं आलं तेव्हा मी सत्तरीला टेकले होते आणि माझं स्वतःचं शिक्षण सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. घरात सुनेने पहिला प्रश्न विचारला, कोणती साडी नेसणार. मुलाने विचारलं, तिथे नक्की काय सांगणार. त्याच्या आवाजात काळजी होती. आमच्या घरात त्या गोष्टीबद्दल चाळीस वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं, आणि आता त्याची आई पालघरला जाऊन पंचवीस पोरींपुढे ती मांडणार होती. मी म्हटलं, "सगळं सांगणार. तू अंथरूण किती वर्षांपर्यंत ओलं करायचास तेही." त्यानंतर त्याने विचारायचं सोडलं.

गोष्ट एवढीच, की तिशी ओलांडली तेव्हा मला वेड लागलं होतं. आता असं म्हणत नाहीत. संस्थेतल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला समजावलं की 'मानसिक आजाराचा अनुभव घेतलेली व्यक्ती' असं म्हणायचं. मी म्हटलं, मॅडम, एवढं लांब नाव माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नव्हतं. त्या हसल्या, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ज्या शब्दाने गावाने मला हाक मारली, तो शब्द मी स्वतःला लावते तेव्हा गंमत वाटते. दुसऱ्याला लावला की तो दगड होतो.

संस्थेचं नाव सांगत नाही. खाली दवाखाना आहे, वर नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचा वर्ग. मनाच्या आजारांचे डॉक्टर दर गुरुवारी येतात, बाकीचे दिवस मॅडम बघतात. ज्यांनी हे दुखणं स्वतः काढलंय त्यांनीच मुलींना शिकवावं आणि नव्याने येणाऱ्या पेशंटजवळ बाकावर बसावं, ही त्यांची कल्पना. मला एक बिल्ला मिळाला, त्यावर 'सोबती' असं लिहिलेलं. मी तो आमच्या घिवलीपासून पालघरपर्यंत पदरावर मिरवत नेला. रिक्षावाला म्हणाला, "आजी, निवडणुकीला उभ्या हाव काय?"

वर्गात मी सांगायची ती हकीकत अशी.

तेव्हाची मी फार हुशार बाई होते. समुद्राच्या बाजूला आमची वाडी: केळी, नारळ, चिकू, मधे थोडी पानवेल. विहिरीवरचा पंप सुरू झाला की त्याच्या आवाजात मला माणसं बोलताना ऐकू येत. ती माझ्याबद्दलच बोलत. मी अशी कोण लागून गेले होते की पंपातल्या सगळ्या मंडळींनी कामधंदा सोडून माझ्याबद्दलच बोलावं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. झोप गेली. दोन लहान मुलं होती, त्यांच्या वेण्या-अंघोळी राहिल्या. आधी भगत झाला, मग मुंबईचा डॉक्टर. डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या मी जिभेखाली धरायची आणि मोरीमागच्या केळीच्या बुंध्यात थुंकायची. त्या वर्षी त्या केळीला घड फार शांत आला, असं माझा नवरा पुढे कितीतरी वर्षं सांगायचा.

मग जेवण कडू लागायला लागलं. कालवण कडू, वरण कडू. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही माझ्या जेवणात काहीतरी घालताय. त्याने खाली बघितलं आणि पुढच्या खेपेला ते डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने कागदावर उतरवून घेतलं, की पेशंटला जेवणात विष घालतात असा संशय येतो. आणि गोळी वाढवली. माझे त्या काळात दहा संशय असतील. त्यातले नऊ खोटे. दहावा शंभर टक्के खरा, आणि आजार वाढल्याचा पुरावा म्हणून नेमका तोच धरला गेला.

पण मी हुशार ना. मी ठरवलं, देवाने ज्याचं तोंड बंद करून पाठवलंय तेवढंच खायचं. केळं, शहाळं, चिकू, शेंगा, स्वतः उकडून स्वतः सोललेलं अंडं. केळं सोलण्याआधी मी ते उन्हात धरून फिरवायची, सालीला कुठे सुईचं भोक दिसतंय का म्हणून. सासूबाई चुलीपाशी बसून हे बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. दोन महिने मी माकडासारखी जगले. नुसती केळी-चिकू खाऊन माझं पोट बिघडत होतं, हे मात्र या हुशार बाईला शेवटपर्यंत उमगलं नाही.

शेवटी एका दुपारी सासूबाई सापडल्या. पडवीत भाताच्या कणगीमागे बसून खलबत्त्यात काहीतरी कुटत होत्या. आवाज होऊ नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची घडी घातली होती. खलात पांढरी पूड, माझ्याच गोळ्यांची. मी तो खल हिसकावला आणि केस मोकळे, अंगात नुसता परकर-पोलका अशी अंगणात धावत गेले. 'मी वेडी नाय, बघा, मी वेडी नाय' असं ओरडत मी अख्ख्या आळीला तो खल दाखवत फिरले. ज्यांना तोवर थोडी शंका होती त्यांचीसुद्धा त्या दिवशी खात्री पटली.

इथे मुली हसून लोळायच्या. मीही हसायची. मग सांगायची की पुढे हातावर घेतलेल्या गोळ्यांनीच मी बरी झाले, आणि ते खरं आहे. पंपातली मंडळी हळूहळू गप्प झाली. मुली टाळ्या वाजवायच्या, मॅडम चहा मागवायच्या.

पुढचं मी सांगत नसे. बरी झाल्यावरही सासूबाईंच्या हातचं मी खाल्लं नाही. एक-दोन महिने नाही, अकरा वर्षं, त्या जाईपर्यंत. माझं भांडं वेगळं, माझी चूल वेगळी. सणाच्या दिवशी त्या पान वाढायच्या आणि मी ते बाजूला सारून माझ्या पातेलीतला भात घ्यायची. शेवटच्या आजारपणात मला म्हणाल्या, "आता तरी खा गो. आता माझ्यात कुटायची ताकद नाय." मी तेव्हाही खाल्लं नाही. हा भाग वर्गात कशाला, असं मॅडमचं मत पडलं. नातेवाइकांना उगाच अपराधी वाटतं, म्हणाल्या. मलाही ते सोयीचं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि मला हसवायची चटक लागली होती.

असं वर्षभर चाललं. मग ती आली.

वय पंचवीस-सव्वीस. माहेर-सासर दोन्ही बीडकडचं, नवरा बोईसरला एका कंपनीत पाळ्या करणारा. तीही आधी दुसऱ्या एका कंपनीत खोकी भरायच्या कामाला जायची. दोन वर्षांची मुलगी. चाळीतल्या खोलीत छताच्या पंख्यातून बायका आपल्याकडे बघतात, असं तिला वाटायला लागलं होतं. पंखा लावू देईना, झोपेना, जेवेना. सासू गावाहून नातीला सांभाळायला आली होती. मे महिन्याचे दिवस, बंद पंखा, एक खोली आणि चार माणसं.

मॅडमनी मला तिच्या शेजारी बसवलं. बराच वेळ ती माझ्या बिल्ल्याकडेच बघत होती. मी तिला पंपाचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या पंपात बाया होत्या का माणसं?"

"दोन्ही. पण बाया जास्त बोलायच्या."

"माझ्या पंख्यात नुसत्या बायाच हायत," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. सासू घाबरून आमच्याकडे बघत राहिली. एक वेडी बरी करायला आणली तर इथे दोन झाल्या, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

त्या दिवसापासून ती गुरुवारी आली की आधी मला शोधायची. डॉक्टरांशी बोलताना माझा हात धरायची. मला ते फार आवडलं, लपवून काय उपयोग. घरी जेवताना मी सुनेला सांगायची, आज ती असं म्हणाली, आज तसं. सून म्हणाली, आई, तुमचा आवाज डॉक्टरीणबाईंसारखा झालाय.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी तिच्या सासूने मला पाण्याच्या नळापाशी नेलं. तिचे हात ओले होते, ती ते पदराला पुसतच राहिली. सांगायला लागली की सून गोळी घेईना झालीय, म्हणून ती कुटून खिचडीत घालते. कुणी सांगितलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, असलं ज्ञान कुठूनही मिळतं. पण आता सुनेला संशय आला होता. दोन दिवस तिने घास घेतला नव्हता. डबा सोबत आणला होता. "ताई, तुमचं ऐकती ती. तुम्ही सांगा तिला, काही नाही म्हणून. न्हाईतर मरंल हो लेकरू."

बाजूला एक नर्स उभी होती, माझ्याच वर्गात शिकून गेलेली, माझ्या केळ्यांना पोट धरून हसलेली. ती हळूच म्हणाली, आजी, तुम्ही स्वतः एक घास खाल्लात तर ती नक्की खाईल.

मी परत बाकावर येऊन बसले. डबा उघडला होता. मुगाची खिचडी, वर लाल मिरचीची फोडणी. ती माझ्याकडे बघत होती. मी चमचा घेतला, नीट भरला आणि तोंडात घातला.

चव मला लगेच कळली. फोडणी झणझणीत होती, पण जिभेच्या मुळाशी, गिळताना, तो कडवटपणा. चाळीस वर्षांनी. गोळी तीच होती की वेगळी ते मला माहीत नाही, पण जीभ म्हणाली, हीच. पडवी, कणगी, लुगड्याची घडी, सगळं एका घासात आलं. तेव्हा मला थुंकता आलं असतं. मी गिळलं आणि म्हटलं, "मस्त झालीय गो. खा."

तिने सगळा डबा संपवला. सासूने माझे पाय धरले. नर्सने मॅडमना सांगितलं, मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी खूश झाले. हे लिहायला जड जातंय, पण खूश झाले हे खरं. परतीच्या एसटीत मला अशी झोप लागली की बोईसर गेलं ते कळलंच नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं. एका चमच्याने झोप लागत नाही, सत्तरीने लागते, असं मी स्वतःला समजावलं. पण जी चमचाभर खाऊन एवढा विचार करत होती, तिला डबाभर खाणारीचा विचार आला नाही.

पुढचे तीन आठवडे सगळे आनंदात. ती झोपायला लागली. पंखा सुरू झाला. बायका कमी झाल्या म्हणाली. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडतेय. ती गोळी ती घेत होती अशीच डॉक्टरांची समजूत होती, आणि आपण घेत नाही अशी तिची.

चौथ्या गुरुवारी ती आली तेव्हा मुलगी सासूच्या कडेवर होती आणि तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मी म्हटलं, काय गं, हात का असे. तिने काढून दाखवले. बोटं थरथरत होती. जीभ जड झाल्यासारखी बोलत होती, शब्द ओढत. चार दिवसांपूर्वी मुलीला दूध पाजताना कप हातातून सुटला, गरम होतं, मुलीच्या पायाला लागलं. फार नाही, पण लागलं. तेव्हापासून सासू मुलीला तिच्याकडे देत नव्हती.

ती माझ्या कानाशी आली. डॉक्टरांना सांगू नका, म्हणाली. तिला दुसरा, मोठा आजार झाला होता अशी तिची पक्की समजूत होती. गावी तिच्या चुलत्याला असंच झालं होतं, हात कापायचे, जीभ जड झाली, वर्षात गेला. तिने हिशोब करून ठेवला होता: आपण गेल्यावर मुलगी नवऱ्याकडे ठेवायची नाही, तो दुसरं लग्न करेल. माहेरी आईकडे पाठवायची. ते नवऱ्याला कुणी सांगायचं, तर मी.

"तुम्ही सांगितलं तर ऐकतील ते. तुम्ही खोटं बोलत न्हाई."

त्या पोरीला जेवणाबद्दल आता कसलाच संशय राहिला नव्हता. तो मी चमचाभर खिचडीने मिटवला होता. त्यामुळे तिच्या हातांना एकच कारण उरलं होतं, मरण. माझ्या वेळी निदान मला कडू लागत होतं आणि मी ओरडत तरी होते. हिने माझ्या शब्दावर ओरडणंही सोडून दिलं होतं.

मी काय केलं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, काही होत नाही तुला. पुन्हा एक घास, बिनखिचडीचा.

तिचं नाव पुकारलं. आत डॉक्टरांपुढे तिने हात ओढणीखाली ठेवले. मी गप्प बसले.

ती गेल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम वाईट बाई नाहीत. सगळं ऐकून त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या की हाताचं ते गोळीमुळेच असणार, डॉक्टर पुढच्या गुरुवारी बदलून देतील, सासूलाही आपण समजावू. पण तुम्ही तिला आत्ता सांगू नका. आज कळलं तर ती उद्यापासून जेवणार नाही, पुन्हा पहिल्यासारखी होईल, मग कोण जबाबदार. त्यांचं म्हणणं मला अजूनही पूर्ण चूक वाटत नाही. त्यांनी तशा बायका बघितल्या होत्या ज्या पुन्हा उठल्या नाहीत.

मी घरी आले आणि चार दिवस काही केलं नाही. कुणी म्हणेल विचार केला. विचार कसला, कारणं शोधली. माझे गुडघे दुखत होते. बोईसरच्या चाळी मला सापडत नाहीत. मी काही डॉक्टर नाही. मुलगा म्हणाला, आई, तू कशाला त्यांच्या घरात पडतेस, काही झालं तर तुझ्यावर येईल. त्याला मी दटावलं, कारण तो माझ्याच मनातलं बोलत होता.

तरुणपणी मी खल घेऊन अंगणात नाचले त्याला मी वर्गात किती हसले. ती परकरातली बाई येडबंबू होती, पण तिच्या हातात जे होतं ते तिने सगळ्यांना दाखवलं. मी इस्त्रीची साडी नेसून, बिल्ला लावून, तेच गिळून बसले होते. आणि मला बोलावलं कशाला होतं? कडू कसं लागतं हे जिला माहीत आहे अशी एक बाई त्यांच्यात असावी, म्हणूनच ना.

सोमवारी दुपारी मी बोईसरला गेले. नवरा कामावर होता. सासू दाराशी तांदूळ निवडत होती, मुलगी तिच्याजवळ खेळत होती, पायाच्या नडगीवर डाग. ती आत भिंतीला टेकून बसली होती, पंखा चालू होता. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. चहा करते म्हणाली. मी म्हटलं, बस, चहा नको, आधी ऐक.

मी सासूलाही आत बोलावलं. तिच्या पाठीमागे सांगायचं नव्हतं. मग सांगितलं की तुला दुसरा आजार नाही. तू मरणार नाहीस. हात कापतात ते गोळीने. ती गोळी तुझ्या खिचडीत असते, महिना झाला. गुरुवारी डॉक्टरांना हात दाखव, ते गोळी बदलतात, कमी करतात, कापणं थांबतं. माझंही थांबलं होतं.

सासूने तोंडावर पदर घेतला. ती मात्र हलली नाही. मला वाटलं आता ओरडेल, माझ्यासारखी. ती कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती, उलटे करून, सुलटे करून. मरण टळलं म्हणून तिला बरं वाटलं का, ते मला तिच्या तोंडावर शोधूनही सापडलं नाही. मग तिने एकच विचारलं.

"तुम्ही तो घास खाल्ला, तवा तुम्हाला कळलं होतं?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. वय झालं, चव कळत नाही. फोडणी तिखट होती. तुझ्या भल्यासाठीच.

"हो," मी म्हटलं.

ती उठली. मुलीला दोन्ही हातांनी उचललं, हात थरथरत होते, तरी उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. सासू पुढे झाली, पण तिने नुसतं बघितलं आणि सासू थांबली. मग मला म्हणाली, "आता जा तुम्ही."

मी गेले. सासू माझ्यामागे नाक्यापर्यंत आली. रस्त्यावर, लोकांपुढे, मला जे बोलायचं ते बोलली. आता ती जेवायची नाही, आता लेकराचं कसं व्हायचं, तुम्हाला काय मिळालं, म्हातारपणी दुसऱ्याचं घर जाळून. ती माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल. बोलता बोलता तिचा चेहरा मला माझ्या सासूबाईंसारखा दिसायला लागला, आणि पहिल्यांदाच मला कळलं की लुगड्याची घडी करून कुटणारी बाई दुपारभर किती भीत असेल. चाळीस वर्षं उशिरा कळलं. अकरा वर्षांची पानं तशीच गेली.

मॅडमच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. ती घरचं जेवली नाही. नवरा गाडीवरून वडापाव आणायचा, तो कागद तिच्यासमोर सोडायचा. दोन रात्री पंखा बंद होता. मला हे सगळं त्या नर्सकडून कळलं, मॅडमनी मला फोन केला नाही. पण गुरुवारी ती आली. नवऱ्याला सोबत घेऊन आली. हात ओढणीबाहेर काढून टेबलावर ठेवले आणि डॉक्टरांना म्हणाली, जे द्यायचं ते माझ्या हातात द्या, आणि त्याने काय होतं ते मला सांगा. डॉक्टरांनी गोळी बदलली. पाकीट आता तिच्या पिशवीत असतं. कधी घेते, कधी नाही घेत. मधे एकदा बायका पंख्यात परत आल्या होत्या, तेव्हा ती गुरुवारची वाट न बघता स्वतःच दवाखान्यात आली. मुलगी तिच्या मांडीवर असते. घरचं जेवायला लागली की नाही हे मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकार राहिलेला नाही.

माझ्याशी ती बोलत नाही. मी या बाकावर असले तर ती त्या बाकावर. मी नमस्कारासारखं काहीतरी करते, ती पंख्याकडे बघते.

दोन महिने मला वर्गाला बोलावलं नाही. मग बोलावलं. मी तीच हकीकत सांगितली, पण या वेळी अकरा वर्षांच्या वेगळ्या चुलीसकट आणि मुगाच्या खिचडीसकट. केळ्यांपाशी मुली हसल्या, पुढे हसल्या नाहीत. मागे बसलेल्या मॅडमनी चष्मा काढून पुसला, चहा मागवायला विसरल्या. एका मुलीने विचारलं, मग आजी, पेशंट गोळी घेतच नसेल तर करायचं काय? मी म्हटलं, मला नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे की मी जे केलं ते करायचं नाही. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं.

मॅडमनी पुढच्या वर्गासाठी त्या बोईसरच्या पोरीला विचारलं. मला आश्चर्य वाटलं, ती हो म्हणाली. एका अटीवर: ती म्हातारी खोलीत नको. मॅडमना हे मला सांगताना अवघड झालं होतं. मी म्हटलं, अट बरोबर आहे, लिहून घ्या.

त्या दिवशी माझा वर्ग नव्हता, तरी मी गेले. सवय म्हणा. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. दार लावलेलं होतं. आतून तिचा आवाज आला, अजून थोडा जड, पण थांबत नव्हता. ती काय सांगते ते ऐकायला मी कान दिला होता, नाही कसं म्हणू. पण वर्गातला जुना पंखा इतका खडखडत होता की मला एक शब्द धड कळला नाही. मुली एकदाही हसल्या नाहीत. मधे एकदा पंखा बंद करा, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा तिचा आवाज स्पष्ट आला: "राहू द्या चालू."

मी आत गेले नाही.